शाळा व अंगणवाडी यांतील प्रथमोपचार

(प्राथमिक शिक्षक व अंगणवाडी सेविका यांच्या संयुक्त प्रशिक्षण वर्गातील भाषण)



सकाळी आई मुलाला शाळेच्या दाराशी सोडते आणि निश्चिंत मनाने शेताची वाट धरते. त्या निश्चिंततेमागे एक अलिखित करार असतो. मूल शाळेत आहे तोवर त्याचे माय-बाप म्हणजे त्याचे शिक्षक, हा तो करार होय. हा करार वाचन-लेखनापुरताच आहे असे कोणतीही आई मानीत नाही. मुलाचा गुडघा फुटला, हात मोडला, त्याला विंचू चावला किंवा घेरी आली, तर गुरुजी अथवा बाई त्याला सांभाळतील, असा तिचा विश्वास असतो. या विश्वासाला पात्र व्हावयाचे तर केवळ माया पुरत नाही. मायेला ज्ञानाची जोड असावी लागते.

खेड्यातील शाळेला लागूनच दवाखाना असतो असे क्वचितच घडते. इजा होणे आणि डॉक्टरांचा हात लागणे या दोहोंमध्ये काही काळ जातो. कोठे तो दहा मिनिटांचा असतो, तर डोंगराळ वाडीवर दोन तासांचाही असतो. हा मधला काळ सर्वस्वी शिक्षकाच्या हाती असतो. या काळात काय करावे आणि, त्याहूनही महत्त्वाचे म्हणजे, काय करू नये, हे सांगणारे शास्त्र म्हणजे प्रथमोपचार. रोग बरा करणे हे त्याचे काम नव्हे. प्राण राखणे, इजा वाढू न देणे आणि मुलाला वेळेत डॉक्टरांच्या स्वाधीन करणे, एवढेच त्याचे काम आहे.

हे शास्त्र सामान्य माणसासाठीच जन्मास आले. इंग्लंडमध्ये १८७७ साली सेंट जॉन ॲम्ब्युलन्स ही संघटना निघाली आणि तिने वैद्यक न शिकलेल्या लोकांना प्रथमोपचाराचे पाठ देण्यास आरंभ केला. जर्मनीतील कील या गावी एस्मार्क नावाच्या शल्यवैद्याने १८८२ साली नागरिकांसाठी अशीच शाळा काढली. प्रथमोपचाराच्या पेटीत आजही जी त्रिकोणी पट्टी असते, तिचा प्रसार मुख्यतः त्यानेच केला. सुमारे एक मीटर लांबी-रुंदीचा कापडाचा चौकोन कर्णावर कापला की अशा दोन पट्ट्या होतात. त्यातील एका पट्टीने मोडलेला हात गळ्यात अडकवता येतो. इतके हे शास्त्र साधे आहे.

महाराष्ट्रातही बालशिक्षण आणि बालसंगोपन यांची फारकत कधी मानली गेली नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डी येथे आणि पुढे अनुताई वाघ यांच्यासह कोसबाड येथे जे काम उभे केले, त्यात मुलाची स्वच्छता आणि आरोग्य हा शिक्षणाचाच भाग होता. १९७५ साली एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, तेव्हा आहार, लसीकरण आणि आरोग्य तपासणी यांबरोबरच शालापूर्व शिक्षण अंगणवाडीकडे आले. मुलाचे डोके शिकवावयाचे आणि शरीर वाऱ्यावर सोडावयाचे, ही आपल्या परंपरेची रीत नव्हे.

तरीही प्रसंग आला की पुष्कळ शिक्षकांचे पाय जागीच थिजतात. “आम्ही काही डॉक्टर नव्हे, काही कमी-जास्त झाले तर बोल आमच्यावर येईल,” ही त्यामागील भीती असते. ही भीती समजण्यासारखी असली तरी ती चुकीच्या दिशेने पाहते. शुद्ध हेतूने, दुसऱ्याच्या हितासाठी आणि योग्य काळजी घेऊन आणीबाणीच्या वेळी केलेल्या मदतीस कायद्याने संरक्षण दिलेले आहे. भारतीय दंड संहितेच्या ९२ व्या कलमात ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ती ३० व्या कलमात आहे. पालक अथवा वरिष्ठ यांची संमती मिळण्याइतका वेळ नसेल, तर तेवढ्यासाठी मदत थांबवावी असे कायदा म्हणत नाही. मुलावर खरे संकट येते ते बहुधा शिक्षकाच्या धिटाईने नव्हे, तर त्याच्या थांबून राहण्याने.

याचे एक दुःखद उदाहरण सर्वांच्या स्मरणात राहावे असे आहे. केरळमधील वायनाड जिल्ह्यातील एका शाळेत २० नोव्हेंबर २०१९ रोजी पाचवीतील दहा वर्षांच्या मुलीचा पाय वर्गाच्या जमिनीतील भोकात गेला आणि तेथे तिला सर्पदंश झाला. आपल्याला साप चावला, असे त्या मुलीने सांगितल्याचे तिच्या वर्गमित्रांनी पुढे उघड केले. परंतु तिला तत्काळ रुग्णालयात हलविले गेले नाही, वडील येईपर्यंत वाट पाहिली गेली, अशी वृत्ते त्या वेळी देशभर प्रसिद्ध झाली. मुलगी वाचली नाही. शाळेत पेटी होती की नव्हती, पट्टी होती की नव्हती, हा येथे प्रश्नच नव्हता. मुलीचा शब्द तत्क्षणी खरा धरला जाणे, हीच पहिली गरज होती.

यावरून प्रथमोपचाराचा पहिला नियम निष्पन्न होतो, आणि तो कोणत्याही औषधाच्या आधीचा आहे. मुलाने “मला काहीतरी चावले”, “पोटात दुखते”, “डोळ्यांपुढे अंधारी येते” असे म्हटले की ते प्रथम खरे मानावे. दहा वेळा विश्वास ठेवून नऊ वेळा काही निघाले नाही, तर एखादा तास वाया जाईल. परंतु दहाव्या वेळी अविश्वास दाखवला, तर जे जाईल ते परत मिळणार नाही. मूल इजा लपवते ते बहुधा रागावले जाण्याच्या भीतीने. झाडावर चढलेले मूल पडल्यावर “चढलास कशाला?” हाच पहिला प्रश्न ज्या शाळेत विचारला जातो, तेथील मुले डोक्यावरचे टेंगूळ टोपीखाली झाकतात. जाब नंतर विचारता येतो. प्रथम विचारावयाचे ते “कोठे लागले?” एवढेच.

आता काही नेहमीच्या प्रसंगांचा क्रमाने विचार करू जाता सर्पदंशाचा मान पहिला लागतो. महाराष्ट्रात नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे चार विषारी साप प्रामुख्याने माणसाच्या जिवावर उठतात. या चारींच्या विषावर चालणारे प्रतिविष उपलब्ध असून तेच सर्पदंशावरील खरे औषध होय. मुंबईत परळ येथे हाफकिन यांनी १८९९ साली जी प्रयोगशाळा थाटली आणि जिला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले, त्या संस्थेचा या प्रतिविषाच्या निर्मितीशी जुना संबंध आहे. म्हणून शिक्षकाने उपचाराच्या शोधात न पडता मुलाला प्रतिविषापर्यंत पोहोचवावे. मुलाला धीर देऊन आडवे करावे. चालू अथवा धावू देऊ नये, कारण हालचालीने विष अंगात लवकर पसरते. बांगड्या, पैंजण, करदोरा, बूट असे जे काही दंशाजवळ असेल ते सूज येण्यापूर्वी काढावे. लाकडी पट्टी लावून तो हात अथवा पाय स्थिर करावा आणि मुलाला उचलून वाहनापर्यंत न्यावे. दंशाची वेळ कागदावर लिहून तो कागद मुलाबरोबर द्यावा.

वर्ज्य गोष्टींची यादी याहून मोठी आहे. दोरीने करकचून आवळू नये, कारण त्याने अवयव कायमचा निकामी होऊ शकतो. जखमेवर चीर देऊ नये, तोंडाने विष ओढू नये, बर्फ लावू नये. साप मारण्यात अथवा पकडण्यात वेळ दवडू नये. कडुनिंबाचा पाला किंवा मिरची खाऊ घालून विषाची परीक्षा पाहू नये आणि मांत्रिकाच्या दारी तर मुळीच जाऊ नये. मण्यारीचा दंश पुष्कळदा दुखत नाही व त्याची खूणही दिसत नाही. जमिनीवर निजलेले मूल सकाळी पोटदुखी, जड पापण्या व बोबडी वळणे अशा तक्रारी घेऊन शाळेत आले, तर त्याला आळशी न म्हणता दवाखान्यात पाठवावे.

विंचवाची गोष्ट थोडी निराळी आहे. दंश झालेल्या जागी नुसत्या वेदना असतील तर धोका कमी असतो. पण मुलाला दरदरून घाम सुटला, वांती झाली, तोंडाला लाळ सुटली व हातपाय गार पडले, तर लाल विंचवाचे विष हृदयावर चालू लागले आहे असे समजावे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी कोकणात या दंशाने दगावणारे रुग्ण पाहून अनेक वर्षे संशोधन केले आणि प्राझोसिन हे औषध वेळेवर दिल्यास प्राण वाचतात हे दाखवून दिले. पूर्वी जेथे अनेक मुले हातची जात, तेथे आज बहुतेक वाचतात. २०२२ साली त्यांना पद्मश्री देऊन गौरविण्यात आले. मात्र औषध कितीही गुणकारी असले तरी ते दवाखान्यात असते आणि मूल शाळेत असते. मधले अंतर शिक्षकानेच तोडावयाचे असते.

कुत्रा चावल्यास अथवा त्याने ओरबाडल्यास पहिला उपचार प्रत्येक शाळेत उपलब्ध आहे. साबण आणि वाहते पाणी हाच तो उपचार. जखम पूर्ण पंधरा मिनिटे घड्याळ लावून धुवावी. त्यावर हळद, चुना, तिखट अथवा तेल लावू नये आणि घट्ट पट्टी बांधू नये. त्यानंतर त्याच दिवशी लसीची पहिली मात्रा मिळाली पाहिजे आणि पुढच्या मात्राही ठरलेल्या दिवशी मिळाल्या पाहिजेत. पालक पुढील मात्रा विसरले, तर आठवण देण्याचे काम हजेरीपट घेणाऱ्या शिक्षकाइतके दुसऱ्या कोणास सहज जमणारे नाही. लुई पाश्चर याने १८८५ साली ही लस प्रथम ज्या रुग्णाला दिली, तो नऊ वर्षांचा मुलगाच होता. एकदा जलसंत्रासाची लक्षणे दिसू लागली की मग उपाय बहुधा उरत नाही, म्हणून ओरखड्यालाही हलके मानू नये.

शाळेत शिजणारी खिचडी आणि अंगणवाडीतील गरम आहार यांमुळे भाजण्याचा धोका नेहमीच जवळ असतो. भाजलेल्या भागावर साधे थंड वाहते पाणी वीस मिनिटे सोडावे. नळ नसेल तर तांब्याने संथ धार धरावी. मुलाचे बाकीचे अंग मात्र कोरडे व उबदार ठेवावे. भाजल्यावर शाई, टूथपेस्ट, हळद, तूप किंवा चुना लावण्याची रूढी घरोघर आहे. ती प्रेमापोटी असली तरी तिने जखम चिघळते, आणि डॉक्टरांना ते सारे खरवडून काढावे लागते तेव्हा मुलाला दुप्पट यातना होतात. फोड फोडू नयेत. अंगाला चिकटलेले कापड ओढू नये. स्वच्छ, धुतलेल्या सुती कापडाने सैल झाकून दवाखान्यात न्यावे. उकळते भांडे मुलांच्या वाटेत न ठेवणे, हा तर या सर्वांहून श्रेष्ठ उपचार होय.

अंगणवाडीतील लहानग्यांच्या बाबतीत घशात काही अडकण्याचे भय अधिक असते. शेंगदाणा, हरभरा, बोराची बी, बटण, नाणे यांपैकी काहीही पुरते. मूल जोराने खोकत असेल तर त्याला खोकू द्यावे, कारण त्याहून चांगला उपाय नाही. आवाज बंद झाला, श्वास घेता येईना, ओठ निळे पडू लागले, तर मात्र क्षणाचाही विलंब करू नये. एक वर्षावरील मुलाला पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये तळहाताच्या टाचेने पाच जोरकस थापा द्याव्यात. वस्तू निघाली नाही, तर मागून मिठी घालून बेंबीच्या वर व छातीच्या हाडाच्या खाली मूठ ठेवून आत व वर असे पाच झटके द्यावेत, आणि वस्तू निघेपर्यंत हे आलटून पालटून करावे. एक वर्षाखालील बाळाचे पोट दाबू नये. त्याला हातावर पालथे घेऊन पाठीवर पाच थापा आणि उताणे करून छातीच्या मध्यभागी दोन बोटांनी पाच दाब द्यावेत. वस्तू डोळ्यांना दिसत नसताना तोंडात आंधळेपणाने बोट घालू नये, त्याने ती अधिकच खोल जाते.

फिट आलेल्या मुलाच्या बाबतीत गावाची समजूत अजून पुरती बदललेली नाही. कांदा अथवा चप्पल हुंगवणे, दातांत चमचा घालणे, हातपाय घट्ट धरणे, पाणी पाजणे यांतील एकही गोष्ट करू नये. भोवतालची बाके व दगड दूर करावेत, डोक्याखाली मऊ कापड सरकवावे, झटके थांबताच मुलाला कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत, लागोपाठ पुन्हा आले अथवा मुलाला पहिल्यांदाच फिट आली असेल, तर रुग्णवाहिका बोलवावी. शुद्धीवर आलेल्या मुलाला प्रथम दिसतात ते वर्गातील इतर मुलांचे चेहरे. त्या चेहऱ्यांवर कुचेष्टा असावी की आपुलकी, हे शिक्षकाने आदल्या दिवसांत काय शिकविले त्यावर अवलंबून असते.

रोजच्या किरकोळ दुखापतींतही ज्ञान उपयोगी पडते. वाहत्या रक्तावर स्वच्छ कापडाची घडी दहा मिनिटे न उचलता दाबून धरावी. सारखे उचलून पाहिल्याने धरलेले रक्त पुन्हा सुटते. घोळणा फुटल्यास मान मागे टाकू नये. मुलाला पुढे वाकवून नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. हाड मोडल्याचा संशय असेल तर ओढाताण न करता, आहे त्या स्थितीत, लाकडी पट्टी किंवा वर्तमानपत्राची जाड गुंडाळी बांधून अवयव स्थिर करावा. डोक्यावर पडलेले मूल बरे दिसले तरी एक दिवस त्यावर नजर ठेवावी. वांती, वाढती गुंगी, असंबद्ध बोलणे अथवा कानानाकातून पाणी येणे, यांपैकी काही दिसताच रुग्णालय गाठावे. ही लक्षणे पालकांना चिठ्ठीवर लिहून द्यावीत. पक्का दात समूळ पडला, तर तो मुळाशी न धरता वरच्या बाजूने धरून दुधात ठेवावा आणि तासाभराच्या आत दंतवैद्याकडे न्यावा. पुष्कळदा तो पुन्हा बसतो. दुधाचा दात मात्र पुन्हा बसवू नये.

श्वास बंद पडलेल्या मुलाला छातीवर दाब व तोंडावाटे श्वास देण्याची क्रिया ही या विद्येतील सर्वांत मोलाची गोष्ट आहे. विहीर, तळे वा कालवा शाळेजवळ असेल तेथे तर ती शिक्षकास आलीच पाहिजे. बुडालेल्या मुलाला उलटे टांगून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात जी मिनिटे जातात, ती त्याच्या मेंदूला परवडणारी नसतात. मात्र पोहणे जसे पुस्तकाने येत नाही, तशीच ही क्रिया भाषणाने येत नाही. प्रशिक्षित व्यक्तीच्या देखरेखीखाली सरावाच्या बाहुल्यावर हात चालवूनच ती शिकावी, आणि दरवर्षी पुन्हा गिरवावी.

राहता राहिली पूर्वतयारी. प्रथमोपचाराची पेटी पुष्कळ शाळांत असते, पण ती कपाटात असते, कपाटाला कुलूप असते आणि किल्ली मुख्याध्यापकांबरोबर तालुक्याच्या सभेला गेलेली असते. अशी पेटी नसल्यातच जमा. पेटी मुलांच्या हाताला न लागणाऱ्या, पण प्रत्येक शिक्षकाला ठाऊक असलेल्या उघड्या जागी असावी. तीत जंतुरहित गॉज, गुंडाळ पट्ट्या, त्रिकोणी पट्ट्या, चिकटपट्टी, कापूस, बोथट टोकाची कात्री, हातमोजे, साबण, थर्मामीटर, विजेरी आणि जलसंजीवनीची पाकिटे असावीत. महिन्याच्या पहिल्या शनिवारी ती उघडून संपलेले भरावे व मुदत गेलेले टाकावे. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून पोटात द्यावयाची औषधे शिक्षकाने देऊ नयेत.

पेटीच्या झाकणाआत एक कागद चिकटवावा. त्यावर १०८ व ११२ हे क्रमांक, प्राथमिक आरोग्य केंद्राचा दूरध्वनी, गावातील दोन वाहनमालकांचे क्रमांक आणि सर्पदंशावरील प्रतिविष जवळपास कोणत्या रुग्णालयात मिळते त्याचे नाव असावे. ही चौकशी प्रसंग येण्यापूर्वीच, जूनमध्ये शाळा उघडतानाच करून ठेवावी, कारण सापही पावसाळ्यातच अधिक बाहेर पडतात. त्याच आठवड्यात वर्गाच्या फरशीतील भोके बुजवावीत, अंगणातील गवत कापावे आणि सरपणाचा ढीग भिंतीपासून दूर न्यावा. ज्या मुलांना दमा, फिट, हृदयविकार, मधुमेह किंवा एखाद्या औषधाची ॲलर्जी आहे, त्यांची नोंद पालकांना विचारून ठेवावी. बदलून आलेल्या शिक्षकाच्या हाती पदभाराबरोबरच ही नोंदही द्यावी.

दोन शिक्षकी शाळेत कामाची वाटणी आधीच ठरलेली असावी. एकाने मुलाजवळ राहावे. दुसऱ्याने वाहन बोलवावे, पालकांना कळवावे आणि उरलेली मुले सांभाळावीत. एकशिक्षकी शाळेत हे काम वरच्या वर्गातील दोन समजूतदार मुलांना शिकवून ठेवावे. कोणाच्या घरी धावत जावयाचे आणि कोणता क्रमांक फिरवावयाचा हे त्यांना तोंडपाठ असावे. मुले अशी जबाबदारी फार आनंदाने घेतात. भाजल्यावर पाणी ओतावे व चावल्यावर साबणाने धुवावे, हे शाळेत शिकलेले मूल घरी जाऊन आजीला सांगते, आणि आजीचा हळदीचा डबा परत फळीवर जातो. गावाचे आरोग्यशिक्षण या वाटेनेही घडते.

प्रत्येक शाळेने या आठवड्यात एक साधी परीक्षा घेऊन पाहावी. मधल्या सुटीत एखादे मूल पडले असे समजून, पेटी हातात येण्यास किती मिनिटे लागतात, दूरध्वनी लागण्यास किती आणि वाहन दारात येण्यास किती, ते घड्याळावर मोजावे व नोंदवहीत लिहून ठेवावे. पुढील महिन्यात तीच परीक्षा पुन्हा घेऊन त्यातील काही मिनिटे कमी झाली की नाही, ते पाहावे. ज्या दिवशी खरा प्रसंग येईल, त्या दिवशी ही वाचवलेली मिनिटेच एखाद्या मुलाच्या आयुष्याची वर्षे ठरतील.